आधी ताटात, मग बाजारात



आपल्या बैठकांत भावाची, कर्जाची, विजेची चर्चा होते. ती व्हायलाच हवी. पण जो शेतकरी देशाला खाऊ घालतो त्याच्या घरात काय शिजते, याची चर्चा होत नाही. या वेळी ती जवसाच्या निमित्ताने करू.

कापूस-ज्वारीच्या मुलखाला जवस नवा नाही. ज्वारीची भाकरी आणि जवसाची चटणी ही आपल्या घरची जोडी. हरभऱ्यात जवसाच्या ओळी असत. पुढे हा पेरा आक्रसत गेला. त्याचे कारण शेतकऱ्याचा आळस नव्हे. जवसाचे तेल हवेत वाळून पापुद्रा धरते, म्हणून त्याला मोठे गिऱ्हाईक रंग-व्हार्निशवाल्यांचे. भाव ते देतील तो. केंद्र सरकार 22 पिकांचे किमान आधारभूत भाव जाहीर करते. त्यांत करडी आहे, तीळ आहे, कारळे आहेत, जवस नाही. ज्याला भाव नाही ते पीक शेतातून जाते आणि त्याच्या मागोमाग ताटातूनही जाते. आता तेच दाणे शहरात ‘फ्लॅक्ससीड’ म्हणून पाकिटातून विकले जातात. नाव इंग्रजी झाले की किंमत वाढते. पेरणाऱ्याच्या वाट्याला त्यातले फारसे येत नाही.

दाण्यात आहे तरी काय? वजनाच्या सुमारे 40 टक्के तेल, 20 टक्क्यांच्या आसपास प्रथिने आणि पाव हिस्सा तंतू, म्हणजे चोथा. या तेलाचा निम्म्याहून जास्त भाग ओमेगा-3 जातीच्या स्निग्धाम्लाचा. ते शरीर स्वतः बनवू शकत नाही, आणि सरकी, करडी, सूर्यफूल, पामतेल यांत ते जवळजवळ नसते. रोजच्या जवसाने रक्तातले वाईट कोलेस्टेरॉल थोडे उतरते, कोठा साफ राहतो. कॅनडात पायांच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या रुग्णांना सहा महिने रोज 30 ग्रॅम दळलेला जवस दिला. 2013 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जवस न घेणाऱ्यांच्या तुलनेत त्यांचा वरचा रक्तदाब सरासरी 10 अंकांनी कमी भरला.

म्हणून जवस हे औषध ठरत नाही. रक्तदाबाची गोळी जवसाच्या भरवशावर कोणी बंद करू नये. रक्त पातळ करणारी किंवा साखरेची औषधे चालू असणाऱ्यांनी आणि गरोदर बायांनी डॉक्टरांना विचारूनच जवस वाढवावा. कच्चा जवस मुठीमुठीने खाऊ नये. मंद आचेवर भाजावा. अख्खा दाणा बहुधा न पचताच बाहेर पडतो, म्हणून कुटूनच खावा. कूट लवकर खवट होते. आठवड्यापुरतेच करून झाकणाच्या डब्यात ठेवावे. माणशी रोज एक ते दीड चमचा पुरे, आणि त्यावर पाणी भरपूर प्यावे.

आता हिशेब. माणशी 12 ग्रॅम धरले तर पाच माणसांच्या घराला वर्षाला 22 किलो जवस लागतो. कोरडवाहूत एकरी दीड-दोन क्विंटल धरले तर पाच-सहा गुंठ्यांत घरची गरज भागते. बियाणे सव्वा-दीड किलो. कपाशीचे रान तेव्हा मोकळे नसते. मूग, उडीद किंवा सोयाबीन निघालेल्या जागी, जमिनीत ओल आहे तोवर पेरा करावा. उशीर झाला की गादमाशी कळ्या खाते.

1991 साली शेगावच्या मेळाव्यात शरद जोशींनी चतुरंग शेती मांडली: सीताशेती, माजघरशेती, व्यापारशेती, निर्यातशेती. जवसाचे पाच गुंठे पहिल्या दोन्हींत बसतात. घरापुरते पिकवावे; उरले तर भाजून, कुटून, चटणी करून बायांच्या गटाने विकावे. दाणा विकला तर भाव व्यापाऱ्याचा. चटणी विकली तर भाव आपण सांगायचा.

एक इशारा मात्र द्यायला हवा. पौष्टिक खा, असा उपदेश सरकारला स्वस्त पडतो. याच सरकारने 1994 साली पामोलिनची आयात खुली केली आणि आज देश निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून आणतो. तेलबियांचे भाव पाडायचे आणि शेतकऱ्याला आहारावर प्रवचन द्यायचे, हे चालणार नाही. घरचा जवस ही रास्त भावाच्या मागणीची भरपाई नव्हे. ती मागणी उभी आहे आणि उभी राहील. पण लढणाऱ्याचे अंगही धड हवे. शेतकऱ्याच्या घरी जे पिकू शकते त्यासाठी त्याने पाकीट फोडावे, यात शहाणपण नाही.

येत्या बैठकीत प्रत्येक गावाने दोन गोष्टी सांगाव्यात: रब्बीत किती घरांनी जवस पेरायचे ठरवले, आणि गावात जुने बियाणे कोणाकडे शिल्लक आहे. बियाणे आपसांत वाटून घेऊ. त्यासाठी कोणाच्या अनुदानाची वाट पाहण्याचे कारण नाही.