शिस्त नेमकी कोणाला?

संपादक महोदय,

सरकारी दवाखान्यात गोंधळ नातेवाईकच घालतात, हा आपल्या अंकातील लेखाचा सूर. एका खाटेभोवती चार माणसे जमतात हे खरे. पण का जमतात? केसपेपर काढायला एक, रक्ताचा नमुना पोचवायला एक, स्ट्रेचर ढकलायला दोघे. ही कामे ज्यांची, त्यांच्या जागा भरा; घरचे लोक आपणहून शेतावर परततील.

लेखकाच्या मते रुग्ण एकटा असला की कारभार सुरळीत चालतो. कोविड वॉर्डात नातेवाइकांना प्रवेश नको, हाच नियम होता. जून २०२० मध्ये जळगावच्या सरकारी रुग्णालयातून बेपत्ता झालेली ८२ वर्षांची आजी आठ दिवसांनी तिथल्याच शौचालयात मृत सापडली. अधिष्ठात्यांसह काही जण निलंबित झाले. तेव्हा अडथळा कोणत्या नातेवाइकांचा होता?

'आता सगळे मोफत, तरी कुरकुर' हेही अर्धवट. १५ ऑगस्ट २०२३ पासूनचा मोफत उपचारांचा निर्णय सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांपुरता होता. जळगाव-धुळ्याची शासकीय महाविद्यालयीन रुग्णालये वैद्यकीय शिक्षण विभागाकडे. साक्रीहून पहिल्या एसटीने निघालेल्या माणसाला हा खातेभेद शुल्काच्या खिडकीपाशी कळतो.

डॉक्टरांवर हात उगारणाऱ्यांना शिक्षा व्हावी, यावर वाद नाही. त्यासाठी २०१० चा कायदा आहेच. रांगेत तासन्‌तास ताटकळवणाऱ्यांसाठी कोणता, ते लेखकाने पुढच्या लेखात सांगावे.

आपला,
एक वाचक, एरंडोल