रोल गेला, प्रिंट नको जायला!

हरिहरच्या उभ्या कातळपायऱ्या चढायला दोन्ही हात खोबण्यांत लागतात. तिथे गळ्यातला जड फिल्म कॅमेरा म्हणजे लोढणंच! म्हणून ट्रेकला मी खिशात मावणारा डिजिटलच नेतो. रोलमध्ये फोटो 36. हललेला कोणता, ते धुऊन आल्यावर कळायचं. डिजिटलवर तिथल्या तिथे पुन्हा काढता येतो.

पण मित्रांनो, रोलमुळे प्रिंट तरी निघायच्या. आपले चारशे फोटो हार्डडिस्क उडाली की गेलेच! जपलं नाही तर काहीच उरत नाही. आपल्या त्र्यंबकेश्वरच्या दादासाहेब फाळक्यांच्या 1913 च्या 'राजा हरिश्चंद्र'चीसुद्धा सगळी रिळं उरलेली नाहीत. तेव्हा डिजिटल जरूर घ्या, पण प्रत्येक ट्रेकचे निदान 10 फोटो छापा. हॉस्टेल सुटल्यावर तेच सोबत येतील.