ऐकावे जनाचे, करावे मनाचे



गावात एखादा माणूस चारचौघांपेक्षा निराळे काही करू लागला, की पारावर पहिला प्रश्न निघतो, "हा कोण मोठा शहाणा लागून गेला?" आणि घरात दुसरा निघतो, "लोक काय म्हणतील?" या दोन प्रश्नांनी जितकी चांगली कामे पेरणीआधीच करपली असतील, तितकी उन्हाने करपली नसतील.

पण गावाची रीत म्हणजे सगळा वेडेपणाच, असेही नाही. रोहिणी-मृगाचा अंदाज, बियाण्याची निवड, अडल्यानडल्याला धावून जाणे हे सारे चार पिढ्यांच्या अनुभवातून आलेले आहे. म्हणून निराळे वागणारा प्रत्येक जण मोठा ठरत नाही. नुसती हौस म्हणून उलटे चालणारेही असतात. मग खरा निराळा कोणता आणि हट्टी कोणता, हे ओळखायचे कसे? दूरची उदाहरणे नकोत. आपल्या खानदेशातलीच तीन माणसे पाहू. एक देवधर्माच्या वाटेवरचा, एक गावाच्या जगण्यातला, एक धंद्यातला.

पहिले साने गुरुजी. जन्म कोकणातला, पालगडचा, पण 1924 पासून सहा वर्षे त्यांनी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवले. वसतिगृहातल्या पोरांचे कपडे धुणारा हा शिक्षक 1930 मध्ये नोकरी सोडून स्वातंत्र्याच्या लढ्यात गेला. पुढे 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली, ती उतरून घेणारे हात गुरुजींचेच. म्हणजे हा माणूस देवधर्म न मानणारा नव्हता. भक्ती त्याच्या रोमारोमांत होती.

आणि म्हणूनच त्यांना एक गोष्ट खुपत होती. दर आषाढीला आपल्या मुक्ताईची पालखी खानदेशातून पंढरपूरला जाते. वाटेत सारे एकमेकांच्या पाया पडतात. पण मंदिराच्या दाराशी पोचले की अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्याने बाहेर थांबायचे. चोखोबांचे अभंग आत गायचे आणि त्यांच्या जातीच्या माणसाने त्यांच्या समाधीपाशीच, पायरीबाहेरच थबकायचे. शेकडो वर्षे हे चालले आणि भल्याभल्यांना त्यात काही वावगे दिसले नाही.

स्वातंत्र्य दाराशी आले होते, त्या 1947 सालात गुरुजींनी ठरवले की हे दार उघडले पाहिजे. आधी ते महाराष्ट्रभर हिंडले. बरोबर सेनापती बापट होते. गावोगाव सभा घेतल्या, लोकांना समजावले, मन वळवले. मग 1 मेपासून पंढरपुरात उपोषणाला बसले. बसायला जागा मिळण्याचीही पंचाईत, शेवटी तनपुरे महाराजांनी आपल्या मठात जागा दिली. विरोध करणारे तर होतेच. पण सर्वांत कठीण गोष्ट अशी, की खुद्द गांधीजींनी उपोषण सोडण्याविषयी कळवले. ज्यांच्या शब्दावर नोकरी सोडली, तुरुंग पत्करला, त्यांचाच शब्द आता आडवा आला. गुरुजींनी त्यांच्याविषयी एक वावगा शब्द काढला नाही, आणि जागचेही हलले नाहीत. दहा-अकरा दिवसांनी मंदिर सर्वांना खुले करण्याचे ठरले, तेव्हाच उपोषण सुटले.

यात ध्यानात घ्यायचे ते हे. गुरुजींनी विठ्ठल सोडला नाही, वारकऱ्यांना शिव्या दिल्या नाहीत, कुणाचे डोके फोडले नाही. उपाशी राहिले ते स्वतः. निराळेपणाची सारी किंमत त्यांनी आपल्या देहावर घेतली.

दुसरे माणूस साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याचे, श्री. चैत्राम पवार. डोंगरातले आदिवासी गाव. एके काळी भोवतालचे जंगल तुटून गेले होते. झाड गेले की मागोमाग माती जाते, आणि माती गेली की पावसाचे पाणी जमिनीत न मुरता नाल्याने धावत सुटते. विहिरी आटल्या, बायाबापड्यांना पाण्यासाठी वणवण आली. चैत्रामभाऊ एम. कॉम. झालेले. असा मुलगा शहरात नोकरीला जातो, आई-बाप पेढे वाटतात, ही आपली रीत. ते गावात राहिले.

1990 नंतरच्या काळात त्यांनी गावाला बरोबर घेतले. जंगलात कुऱ्हाड चालवायची नाही, तोडणाऱ्याला दंड, राखण गावाने करायची. वाचायला सोपे वाटते, पण विचार करा. चूल पेटायला लाकूड लागते आणि तोडणारा कधी भाऊबंद असतो, कधी सोयरा. सोयऱ्याकडून दंड घेणे हे परक्याशी भांडण्याहून अवघड. शिवाय रोप आज राखले तर त्याची सावली पाच-दहा वर्षांनी. तोवर हाती काहीच दिसत नाही. दिसतो तो फक्त गावातला वाईटपणा. तरी गाव टिकून राहिले. दगडी बांध घातले, पाणी मुरवले. आज सुमारे साडेचारशे हेक्टर जंगल तिथे उभे आहे. विहिरींना पाणी आहे. त्या जंगलातल्या रानभाज्यांचा महोत्सव भरतो आणि लांबून माणसे चव घ्यायला येतात. 2025 मध्ये सरकारने चैत्रामभाऊंना पद्मश्री दिली.

तिसरे वाकोदचे भवरलाल जैन. जामनेर तालुक्यातले शेतकरी घर. मुंबईला शिकून वकिली पास झाले, सरकारी अधिकाऱ्याच्या जागेसाठी निवडही झाली. साहेब होण्याची संधी सोडून 1963 मध्ये घरातली साठवलेली सात हजार रुपयांची पुंजी घेतली आणि जळगावात रॉकेल विकायला सुरुवात केली. लोक काय म्हणाले असतील, ते सांगायला नको!

पुढे खते, बियाणे, पाइप अशा शेतीच्या मालाच्या एजन्सी घेतल्या. 1978 मध्ये केळीची भुकटी करणारा बंद पडलेला कारखाना त्यांनी घेतला आणि तिथे पपईच्या चिकापासून पपेन काढू लागले. दोन वर्षांनी प्लास्टिकचे पाइप, आणि त्याच दशकाच्या अखेरीस ठिबक सिंचन.

आज ठिबक घरोघरचे झाले आहे, म्हणून त्या वेळची गंमत कळत नाही. केळी म्हणजे पाण्याचे पीक. पाटाने धो धो पाणी सोडायचे, रात्री-बेरात्री दारे धरायची, वाफा तुडुंब भरलेला दिसला की जिवाला बरे वाटायचे. अशा रावेर-यावलच्या बागायतदाराला नळीतून टपटपणारे थेंब दाखवून "एवढ्यात केळ येईल" म्हणणे म्हणजे पाहुण्याला भाकरीऐवजी भाकरीचा वास देणे! त्यात नळीची भोके क्षाराने, कचऱ्याने बुजायची. म्हणून जैनांनी नुसत्या नळ्या विकल्या नाहीत. जमीन पाहून आखणी करायची, गाळणीपासून जोडणीपर्यंत सारे बसवून द्यायचे आणि पुढे पिकाचा सल्ला द्यायला माणूस पाठवायचा, अशी पद्धत त्यांनी ठेवली. शेतकऱ्याचे पीक उभे राहिले तरच आपला धंदा उभा राहील, हा त्यामागचा हिशेब. नंतर उतिसंवर्धित केळीची रोपे आली, आणि दीड वर्षाची केळी वर्षभराच्या आसपास कापणीला येऊ लागली.

पण हेही सांगितले पाहिजे, की त्यांचे प्रत्येक निराळे पाऊल नीट पडले नाही. 1990 नंतर शेतीबाहेरच्या धंद्यांत हात घातला आणि मोठा तोटा सोसला. मग ते धंदे आवरून पुन्हा पाण्या-मातीच्या कामाकडे वळले. 2016 मध्ये ते गेले. धाडस करणाऱ्याला मागे फिरण्याचेही धाडस लागते, हे त्यांच्याकडून शिकावे.

आता आपल्या घराकडे वळू या. या तिघांत एक गोष्ट सारखी आहे. कोणीही आपली माणसे सोडली नाहीत आणि आपल्या निराळेपणाचे ओझे आधी स्वतःच्या खांद्यावर घेतले. खऱ्याखोट्याची पारख करायची ती इथेच. किंमत कोण मोजणार, हे विचारा.

शेतकऱ्याच्या बाबतीत हा प्रश्न फार नाजूक आहे. गुरुजी उपाशी राहिले ते एकटे. तुम्ही पाच एकरांतली कपाशी मोडून एकदम नवे पीक लावले आणि ते बसले, तर उपाशी कोण राहील? तुमची कारभारीण, तुमची लेकरे. म्हणून नवे जरूर करा, पण पहिल्या वर्षी बांधाकडच्या दहा गुंठ्यांत. आणि करण्याआधी घरात विचारा. बैठकीत पोराने एखादी गोष्ट काढली, चुलीपाशी सूनबाईने एखादा हिशेब मांडला, तर "तुला काय कळते" म्हणून झटकू नका. किंमत ज्यांनी मोजायची, त्यांना सल्ल्याचा हक्क आहे.

उलट, काही ठिकाणी निराळे वागायला दमडी लागत नाही, उलट वाचते. लेकीच्या लग्नात मांडव लहान घातला, हुंडा दिला नाही नि घेतला नाही, तेराव्याला गावजेवणासाठी सावकाराचे दार ठोठावले नाही, तर काय होईल? चार दिवस लोक बोलतील. मग त्यांना बोलायला दुसरे कोणी मिळेल. कर्ज मात्र चार दिवसांत जात नाही. आणि बोलणाऱ्यांपैकी एकही जण हप्ता भरायला येत नाही.

जुन्या माणसांनी सांगून ठेवले आहे, ऐकावे जनाचे, करावे मनाचे. यातले दोन्ही अर्ध सांभाळावेत. आधी ऐकायचे, नीट कान देऊन ऐकायचे, कारण जनात शहाणपणही असते. पण शेवटी नांगर आपल्या शेतात आपल्यालाच धरायचा असतो. येत्या हंगामात घरातल्या साऱ्यांना एकत्र बसवा आणि विचारा, केवळ लोक करतात म्हणून आपण काय काय करतो? त्यातली एक गोष्ट या वर्षी सोडून पाहा. एकच पुरे. दुसरीचे बळ मग आपोआप येईल.