पेवातली तालीम

दिवाळीची झाडलोट निघाली की आमच्या घरी वर्षातून एकदा तळघराचे दार उघडते. केडगावातले आमचे घर जुने आहे. वर पत्रे आले, न्हाणीघरात फरशी आली, माजघरात फ्रीज आला. तळघर मात्र आजोबांच्या वेळचे तसेच राहिले. बारा फूट लांब, दहा फूट रुंद, सात फूट उंच. अर्धे जमिनीत आणि अर्धे जोत्यात. एका कोपऱ्यात धान्याचे पेव, दुसऱ्या कोपऱ्यात आईचे जाते आणि मधल्या जागेत ‘लागेल कधीतरी’ म्हणून जपलेल्या वस्तूंचा संसार.

यंदा या उतरंडीत विजेरी धरायला आमचे चिरंजीव होते. ते पुण्याला नोकरी करतात. सकाळच्या गाडीने जातात आणि रात्री परततात. त्यांनी विजेरी चारी भिंतींवरून फिरवली आणि म्हणाले, “बाबा, इथं जिम करू या.”

हा विचार एकदम आकाशातून पडलेला नव्हता. श्रावणात माझ्या रक्ताची तपासणी झाली, तेव्हा साखरेने आपली हजेरी लावली होती. डॉक्टर म्हणाले, “सर, बोलण्याचा व्यायाम पुष्कळ झाला. आता बाकीच्या शरीराचा करा.” त्या दिवसापासून मी रोज उद्यापासून व्यायाम करीत आलो आहे.

हल्ली गावोगाव जिमचे पेव फुटले आहे, असे आपण सहज म्हणतो. भरलेले पेव फुटावे आणि दाणेच दाणे ओसंडावेत, तसे काही. आमच्या घरी हा वाक्प्रचार अक्षरशः खरा होण्याची वेळ आली होती. शिवाय मी पडलो मराठीचा मास्तर. ‘तालीम’ हा शब्द मूळ अरबी आणि त्याचा अर्थ शिक्षण. ‘जिम’ ज्या ग्रीक शब्दाचे शेपूट तोडून झाला, त्याच शब्दाने जर्मनीत आजही शाळा ओळखली जाते. म्हणजे कोणत्याही वाटेने गेले तरी खाते माझेच! मी मोठ्या उत्साहाने होकार दिला.

त्या रात्री दोन याद्या तयार झाल्या. चिरंजीवांच्या यादीत ट्रेडमिल, डंबेल्स, लोखंडी बाक आणि भिंतभर आरसा. माझ्या यादीत जोडी, करेला, मल्लखांब आणि कोपऱ्यात लाल मातीचा लहानसा हौदा. त्या मातीत ताक, तेल, हळद आणि लिंबू घालतात, हेही मी सांगितले. बडोद्याच्या दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी संपादित केलेल्या दहा खंडांच्या व्यायाम ज्ञानकोशाचा दाखला दिला. १९५२ साली हेलसिंकीला कुस्तीचे कांस्यपदक मिळवणारे खाशाबा जाधव मातीतूनच वर आले, हे ऐकवले. लोकमान्यांनी कॉलेजचे पहिले वर्ष शरीर कमावण्यात घालवले, ही कथाही सांगणार होतो. पण ती मुलांना सांगणे धोक्याचे असते, हा माझा वर्गातला अनुभव आहे. शरीर कमावण्याचा भाग ते विसरतात आणि वर्ष घालवण्याचा तेवढा ध्यानात ठेवतात.

दुसऱ्या दिवशी टेप घेऊन खाली उतरलो आणि दोन्ही याद्यांना कात्री लागली. छत सात फुटांवर असले तरी तुळया सहा फूट चार इंचांवर येतात. ट्रेडमिलचा पट्टाच जमिनीपासून सहाआठ इंच वर असतो. त्यावर साडेपाच फुटांचा माणूस धावू लागला म्हणजे प्रत्येक पावलागणिक त्याचे कपाळ तुळईची चौकशी करणार. जोडी फिरवायची तर डोक्यावर हातभर मोकळी जागा हवी. मल्लखांबाचे तर नावच नको; तो माजघरात निघाला असता. सूर्यनमस्कार तेवढे जमतात, तेही दोन तुळयांच्या मधे उभे राहून. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी आपल्या संस्थानात सूर्यनमस्कारांचा एवढा प्रसार का केला असेल, ते मला त्या दिवशी नीट कळले. त्याला सतरंजीएवढी जागा लागते आणि पैसा लागत नाही.

मग प्रश्न आला हवेचा. आमचे आजोबा पेव उघडले की लगेच कोणाला आत उतरू देत नसत. काही वेळ ते उघडे ठेवायचे, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. कंदील विझला तर माणूस उतरायचा नाही. लहानपणी मला तो देवाधर्माचा प्रकार वाटे. खरी गोष्ट अशी की साठवलेले धान्यही श्वास घेते. बंद पेवातला प्राणवायू कमी होतो, कार्बन डायऑक्साइड तळाशी साचतो आणि आत उतरलेला माणूस हाक मारण्यापूर्वीच बेशुद्ध पडतो. कंदील जळत राहिला म्हणजे हवा अगदी निर्धोक, असेही नाही. पण ज्यांच्याजवळ दुसरे साधन नव्हते, त्यांनी एवढी तरी खबरदारी घेतली.

आमचे पेव कित्येक वर्षे रिकामे आहे. तरी धडा कायमच आहे. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा आत घेतो. जोराची मेहनत करताना तोच साठ लिटरांच्या पुढे जातो. आमच्या तळघरात हवा येणार कोठून? शोधता शोधता जोत्याच्या पातळीवर विटांनी बुजवलेला एक झरोका सापडला. उंदीर येतात म्हणून केव्हातरी तो बंद केलेला. तो फोडून जाळी बसवायची, समोरच्या भिंतीत वरच्या अंगाला दुसरा पाडून तेथे हवा बाहेर टाकणारा पंखा लावायचा आणि पेव दगड-मुरूम घालून, चोपून बंद करायचे, असे ठरले. एका बाजूने हवा आली पाहिजे आणि दुसरीने गेली पाहिजे. एकाच भोकाने दोन्ही कामे होत नाहीत.

तिसरी गोष्ट ओल. कालवा आणि ऊस आल्यापासून आमच्या भागात जमिनीला पाण्याचा तोटा नाही, आणि काळी माती ते पाणी सहजासहजी सोडत नाही. एका तरुण गवंड्याने सांगितले, “सर, सिमेंटचा गिलावा मारतो, वर टाइल्स लावतो. ओल दिसणारच नाही.” त्याचे बोलणे तंतोतंत खरे होते, ओल दिसणार नव्हती, इतकेच. त्याच्यासोबत आलेले म्हातारे मिस्त्री हसले. त्यांनी प्लॅस्टिकचा हातभर तुकडा मागितला, जमिनीवर पसरला आणि चारी कडा चिकटपट्टीने बंद केल्या. “उद्या बघा,” म्हणाले. दुसऱ्या दिवशी प्लॅस्टिकच्या खालच्या अंगाला थेंब जमले होते. म्हणजे ओल हवेतली नव्हती, जमिनीतून येत होती. बाहेर जाऊन पाहिले तर न्हाणीघराची मोरी त्याच भिंतीला लागून वाहत होती. जुन्या चुन्याच्या भिंतीवर सिमेंट थापले की आतले पाणी कोंडते आणि गिलावा फुगून पडतो. तेव्हा आधी मोरी हलवायची, मग चुन्याचाच गिलावा करायचा, आणि फरशीचे नाव त्यानंतर. ओलीच्या जागी वीज न्यायची तर गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच हवा, हेही वायरमनने बजावले.

एवढे सगळे ठरवून, कागदावर नकाशा काढून, मी तो सौभाग्यवतींच्या पुढे ठेवला. तिने चष्मा लावला, नकाशा उलटसुलट पाहिला आणि एकच प्रश्न विचारला.

“अहो, पण इथं उतरणार कोण?”

“म्हणजे? आपण सगळे.”

“मी कशी उतरणार?”

मी गप्प झालो. तळघराला नऊ पायऱ्या आहेत, एकेक साडेदहा इंच उंच, आणि कठड्याच्या नावाने शून्य. तिचे गुडघे दोन वर्षांपासून दुखतात. मांड्यांचे स्नायू बळकट करा, असे डॉक्टरांनी तिलाही सांगितले होते. माझ्या साखरेच्या आधी सांगितले होते. घरात दोन याद्या झाल्या, त्यांवर वाद झाले, दाखले झाले. पण दोन्ही याद्यांत तिच्यासाठी एक ओळ नव्हती. खालून उठताना ती दाराची चौकट धरते, हे मी रोज पाहत होतो आणि रोज पाहत नव्हतो. पंडिता रमाबाईंनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ज्या गावात मुक्ती मिशन उभे केले, त्या गावचा मी रहिवासी. वर्गात त्यांच्या ‘स्त्रीधर्मनीती’वर, म्हणजे १८८२ सालच्या पुस्तकावर, तास घेतो. आणि घरात ही अवस्था.

काहीतरी बोलायचे म्हणून मी कोपऱ्यातल्या जात्याकडे वळलो. “आईची तालीम इथंच होती बघ. पहाटे चारला उठून दळायची. दंड कसे होते तिचे!”

“दळणाऱ्या बाईनं जात्याचं कौतुक केलेलं ऐकलंय कधी तुम्ही?” ती म्हणाली. “गिरणी आली तेव्हा सासूबाईंनी गिरणीवाल्याला पहिल्या दिवशी नारळ दिला होता.”

हे मला ठाऊक नव्हते. कष्ट आणि व्यायाम यांतला फरक मी पुस्तकांत शोधत बसलो असतो. तिने तो एका वाक्यात सांगितला. अंग दुखत असतानाही जे थांबवता येत नाही ते कष्ट. दहाने सुरू करून बारावर नेता येते, आणि आज नको म्हटले तर नको म्हणता येते, तो व्यायाम.

त्या संध्याकाळी नकाशा नव्याने काढला, तिला शेजारी बसवून. पहिला खर्च पायऱ्यांचा. नऊच्या चौदा झाल्या, प्रत्येकीची उंची पावणेसात इंचांवर आली आणि दोन्ही बाजूंना कठडा आला. त्यापायी खोलीतली चार फूट लांबी गेली. लोखंडी बाक आणि आरसा त्या चार फुटांबरोबर गेले. चिरंजीव क्षणभर हिरमुसले, मग स्वतःच म्हणाले, “राहू दे बाबा, डंबेल्स पुरेत.” ट्रेडमिल तर केव्हाच रद्द झाले होते. चालायला कालव्याकडचा रस्ता आहे. त्याला वीज लागत नाही आणि त्यावर तुळई नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली मोठ्या माणसांसाठी जे माप सांगितले, ते लक्षात ठेवायला सोपे आहे. आठवड्याला किमान दीडशे ते तीनशे मिनिटे चालण्यासारखा मध्यम व्यायाम, आणि दोन किंवा अधिक दिवस स्नायूंना बळ देणारी मेहनत. पहिला भाग रस्त्यावर होतो. तळघर दुसऱ्यासाठी.

आमच्या तालमीत सगळ्यात आधी आलेले साधन सांगितले तर आपण हसाल. ती आहे स्वयंपाकघरातली एक मजबूत, बिनहाताची लाकडी खुर्ची. सौभाग्यवती तिच्यावर बसते आणि हात न टेकता उठते. पहिल्या दिवशी चार वेळा जमले. पाचव्या वेळी तिने कठड्याला हात लावला आणि मी दुसरीकडे पाहिले. आता ती दहापर्यंत जाते. मोजायचे काम माझे. माझे जोर ती मोजते, आणि सांगायला खेद वाटतो, अगदी प्रामाणिकपणे मोजते. अर्धवट वाकलेला जोर तिच्या हिशेबात धरला जात नाही.

जाते आम्ही हलवले नाही. घडवंचीसारखा त्याचा उपयोग होतो. वर पाण्याचा तांब्या असतो.

वाचकहो, आपल्या घरी तळघर नसेल. माळा असेल, गच्चीवरची खोली असेल, नुसता पलंगाखालचा कोपरा असेल. सामान आणण्याआधी हवा पाहा, ओल पाहा, माथ्यावरची जागा पाहा. आणि या सगळ्याच्या आधी घरातल्या माणसांना एकेक करून विचारा, की तुला इथपर्यंत येता येईल ना? मी हा प्रश्न सगळ्यांत शेवटी ऐकला, तोही मला विचारावा लागला नाही, मलाच विचारला गेला.

धनत्रयोदशीला तळघरात दिवा लावणार आहोत. झरोक्यातून हवा येते, तेव्हा तो किंचित हलेल. हलू द्या. आमच्या जोरांचा आणि उठण्याबसण्याचा हिशेब पुढच्या दिवाळीला याच पानावर सादर करीन. आकडा घटलेला असला तरी करीन. मोजणारी माणसे घरातच आहेत, लपवता येणार नाही.