मुंबई किती दूर?

नागपूरहून मुंबई किती दूर आहे? तुमच्यापैकी कोणी म्हणेल, "८३७ किलोमीटर." कोणी म्हणेल, "विमानाने फक्त दीड तास." दोन्ही उत्तरे बरोबर आहेत; पण माझ्या मते दोन्ही अपुरी आहेत.

आधी किलोमीटर पाहू. ८३७ किलोमीटर हे रेल्वेचे अंतर आहे. रेल्वे वर्धा, अकोला, भुसावळ, नाशिक अशी गावे घेत जाते. विमान जवळजवळ सरळ उडते, म्हणून त्याला सुमारे ६८० किलोमीटर पुरतात. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे. पण तो भिवंडी तालुक्यातील आमणे येथे संपतो, मुंबई त्यापुढे आहे. शहरे तीच, अंतरे मात्र तीन!

आता वेळ पाहू. आकाशात विमानाचा वेग ताशी सुमारे ८०० किलोमीटर असतो. त्या हिशेबाने प्रवास एका तासाच्या आत संपायला हवा. मग दीड तास का लागतो? विमान धावपट्टीपर्यंत हळू जाते, हळूहळू वर चढते आणि तसेच खाली उतरते. हा सारा वेळ वेळापत्रकात धरलेला असतो.

परंतु प्रवास विमानतळावर सुरू होत नाही. तो घराच्या दारातून सुरू होतो. समजा, गांधीबागेतील एका रुग्णाला मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयात जायचे आहे. सोनेगावच्या विमानतळावर पोहोचायला पाऊण तास, तेथे दोन तास आधी हजर राहणे, दीड तासाचे उड्डाण, बाहेर पडायला अर्धा तास आणि परळपर्यंत एक तास. बेरीज करा. पावणेसहा तास झाले! रेल्वेला बारा-चौदा तास लागतात हे खरे. पण स्टेशन गांधीबागेपासून जवळ आहे, रात्र झोपेत जाते आणि दादरला उतरले की परळ जवळच. शिवाय तिकिटाचे पैसे? ज्याच्याकडे विमानाचे पैसे नाहीत, त्याच्यासाठी मुंबई दीड तासावर नाहीच. उर्दूत आपण ज्याला 'फासला' म्हणतो, तो खिशाप्रमाणेही बदलतो.

म्हणून "आता मुंबई जवळ आली" असे कोणी म्हटले, तर विचारा, "कोणासाठी?"

अंतर कमी करण्याचे दोन मार्ग आहेत. एक, वाहन किंवा रस्ता वेगवान करणे. दुसरा, ज्या कामासाठी जावे लागते ते कामच जवळ आणणे. १९५३ च्या नागपूर करारात विधिमंडळाचे एक अधिवेशन दरवर्षी नागपुरात भरवण्याचे ठरले, ते याच विचाराने. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूरला दोन्ही मार्ग एकाच दिवशी दिसले. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा खुला झाला आणि मिहान येथील एम्स रुग्णालयाचे लोकार्पण झाले. रस्त्याने मुंबईची वाट सोपी केली. रुग्णालयाने अनेकांची ती वाटच वाचवली.

वेगवान विमाने आणि चांगले रस्ते हवेतच. पण मला दुसरा मार्ग अधिक मोलाचा वाटतो, कारण त्याचा लाभ गरिबालाही मिळतो. तुम्हाला काय वाटते? घरातील कोणी मुंबईला जाऊन आले असेल, तर दारापासून दारापर्यंत किती वेळ आणि किती पैसे लागले ते विचारा. मग मुंबई किती दूर आहे, ते स्वतःच ठरवा.