कसब आणि आज्ञा

क्रिकेटच्या संघाचा कर्णधार कोणीं व्हावें, असें घरांतील लहान मुलास विचारलें, तर तें चटकन् सांगेल कीं, ज्याला खेळ सर्वांत अधिक कळतो त्यानें. पुणें-दौंड लोहमार्गावरील खुटबावसारख्या गांवीं मोकळ्या रानांत खेळणारीं मुलेंहि याहून निराळें सांगणार नाहींत. परंतु हें सोपें उत्तर गळीं उतरण्यास आपल्या सुशिक्षित समाजाला एका पिढीहून अधिक काळ लागला. म्हणून पळवणकर बंधूंची हकीकत प्रत्येक कुटुंबांत मुलाबाळांस सांगण्यासारखी आहे.

बाळू, शिवराम, गणपत व विठ्ठल असे हे चौघे बंधू. घराणें चर्मकाराचें, वडील सैन्यांत नोकरीस. थोरले बाळू पुण्यास प्रथम एका पारशी क्लबाच्या मैदानाची निगा राखीत. पुढें ते युरोपियनांच्या पूना जिमखान्यांत लागले. साहेबलोकांना सरावासाठीं चेंडू टाकावयाचे, हें तेथील त्यांचें काम. हातीं बॅट मिळण्याचा प्रसंग क्वचित्. परंतु तासन् तास चेंडू टाकून त्यांच्या डाव्या हातास विलक्षण हुकमत आली.

त्याच सुमारास पुण्याच्या हिंदु खेळाडूंना युरोपियनांस हरविण्याची ईर्षा उत्पन्न झाली होती, आणि असा गोलंदाज दुसरा नव्हता. बराच खल होऊन बाळूंना संघांत घेण्यांत आलें. मात्र चहाच्या वेळीं इतर मंडळी मंडपांत बसत आणि बाळूंना बाहेर, मातीच्या पात्रांत चहा मिळे. जेवणाचें ताटहि निराळें. चेंडू मात्र एकच होता. तो बाळूंच्या हातून सर्वांच्या हातीं फिरे, आणि त्याचा विटाळ कोणास होत नसे!

पुढें १९०६ सालीं मुंबईस हिंदूंनीं युरोपियनांचा १०९ धावांनीं पराभव केला, त्या विजयांत बाळूंचा वांटा मोठा होता. १९११ सालीं पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखालीं हिंदी संघ विलायतेस गेला, तेव्हां बाळूंनीं त्या दौऱ्यांत ११४ गडी बाद केले. इतकें होऊनहि हिंदूंच्या संघाचें कर्णधारपद त्यांना मिळालें नाहीं. याचें कारण उघड आहे. गोलंदाजाचें कसब आपण वापरतों. कर्णधाराची आज्ञा आपणांस पाळावी लागते. ‘तूं तेथें उभा राहा’ असें चर्मकाराच्या मुलानें म्हणावें व ब्राह्मणाच्या मुलानें तसें करावें, हें मनास रुचणें पंगतीस बसण्याहूनहि अवघड होतें.

१९२० सालीं या प्रश्नास तोंड फुटलें. पळवणकरांचा हक्क डावलला गेल्याचें पाहून विठ्ठल व शिवराम यांनीं संघांतून अंग काढून घेतलें व आपला निषेध जाहीर केला. लोकमतहि क्षुब्ध झालें. अखेर अंतिम सामन्यास बाळूंस उपकर्णधार करण्यांत आलें. कर्णधार पै कांहीं वेळ मैदानाबाहेर राहिले आणि तेवढा वेळ संघ बाळूंच्या आज्ञेंत खेळला. त्याच डिसेंबरांत नागपूरच्या काँग्रेसनें अस्पृश्यतानिवारणाचा पुकारा केला होता. ठराव तेथें, आणि त्याची परीक्षा मुंबईच्या मैदानावर!

ती परीक्षा पुरी होण्यास आणखी तीन वर्षें लागलीं. १९२३ सालीं विठ्ठल हिंदूंच्या संघाचे कर्णधार झाले. उत्तम फलंदाज म्हणून त्यांची ख्याति होतीच. आतां त्यांच्या नेतृत्वाखालीं मुंबईच्या चौरंगी स्पर्धेंत हिंदूंनीं युरोपियनांवर विजय मिळविला. ज्यांच्या भावास मंडपाबाहेर चहा घ्यावा लागला होता, त्या विठ्ठलांना लोकांनीं खांद्यावर घेऊन मिरविलें. त्यानंतरहि त्यांच्या हातीं संघाची धुरा राहिली. आपल्या या आयुष्याची कथा त्यांनीं ‘माझें क्रीडा-जीवन’ या नांवानें १९४८ सालीं मराठींत प्रसिद्ध केली.

कोणी म्हणेल, धर्माच्या नांवानें भरणाऱ्या त्या स्पर्धेंतील मानाचें एवढें कौतुक कशाला? ती स्पर्धा १९४६ नंतर बंद पडली, हें योग्यच झालें. परंतु ज्या मंडळींनीं ‘हिंदु’ हें नांव धारण केलें होतें, त्यांनाच त्या नांवांत कोण कोण येतें याचा हिशेब विठ्ठलांनीं द्यावयास लावला, ही गोष्ट लहान नव्हे.

आणि हा हिशेब केवळ मैदानावरचा नाहीं. संसारांतहि कित्येकांचे कष्ट आपण निःसंकोच घेतों, त्यांची वाखाणणीहि करतों. परंतु निर्णयाची वेळ आली म्हणजे त्यांस विचारण्याचें आपणांस सुचत नाहीं. मुलीचें शिक्षण ठरतांना तिच्या आईचा शब्द, शेतींतला बेत ठरतांना वर्षानुवर्षें नांगर धरणाऱ्या गड्याचा शब्द, किती घरांत शेवटचा ठरतो? स्तुति करण्यास कांहींच पडत नाहीं. ज्याची स्तुति केली त्याचें म्हणणें ऐकावयास आपण तयार आहों कीं नाहीं, एवढेंच ज्यानें त्यानें आपल्या घरीं पाहावें.