मलकपेटचा मोंढा

पुण्यात जुलै लागला की आमच्या ऑफिसात दोन प्रश्न हमखास निघतात. एक, 'या वीकेण्डला लोणावळा की मुळशी?' आणि दुसरा, जरा आवाज खाली आणून, 'अरे, तू रेसला जायचास ना? कसं खेळतात ते? सांग ना, बॉस!' पहिल्याचं उत्तर कुणीही देईल. दुसऱ्यासाठी लोक माझ्या डेस्कशी येतात, कारण एकेकाळी माझ्या खिशात पेनाबरोबर रेसबुक असायचं. तर मंडळी, एकदाच काय ते सांगून टाकतो. शेवटपर्यंत वाचा मात्र. अर्ध्यावर उठून खिडकीवर जायचं नाही.

मी घोड्यावर पैसे लावायला शिकलो ते पुण्यात नाही आणि मुंबईच्या महालक्ष्मीवर तर नाहीच. मी देगलूरचा. आमच्याकडून पुणं म्हणजे रात्रभराचा प्रवास, आणि हैदराबाद म्हणजे सकाळी निघालं की दुपारच्या जेवणाला. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होता. कागदावरची सीमा बदलली, पण लग्नाचा बस्ता, मोठा दवाखाना आणि चैन या तिन्ही गोष्टींसाठी आमच्याकडची पावलं अजून तिकडेच वळतात. मलकपेटचं रेसकोर्स त्या चैनीच्या खात्यातलं. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी १८८६ मध्ये मौला अलीच्या रेसेस मलकपेटला आणल्या, तेव्हापासूनचं.

पहिल्यांदा गेलो तेव्हा बरोबर मामा होते. मामांची देगलूरच्या मोंढ्यात अडत आहे, सोयाबीन, तूर वगैरे. घोड्यांशी संबंध एवढाच, की माळेगावची यात्रा त्यांनी कधी चुकवलेली नाही. लोहा तालुक्यातल्या माळेगावला मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते आणि घोड्यांचा मोठा बाजार भरतो. मामा विकत काही घेत नाहीत, पण दिवसभर बघतात. दात बघून वय सांगतात. अंगावरचा भोवरा कुठे आहे यावर घोडा शुभ की अशुभ ते सांगतात. मानेवर देवमण असला की किंमत कशी चढते, हे त्यांच्याकडून ऐकत मी मोठा झालो.

मलकपेटला रेसच्या आधी घोडे गोल फिरवतात, त्या जागेला पॅडॉक म्हणतात. नवख्यांनो, पहिला मुक्काम इथेच करा. बहुतेक लोक थेट खिडकीशी पळतात आणि घोडा बघतात तो पैसे लावून झाल्यावर! मामा कठड्याला रेलून उभे राहिले. मी रेसबुकात डोकं घातलेलं.

"काय बघूलालास रे त्या कागदात? जनावर हिकडं हाय की."

"मामा, इथे भोवरे कुणी बघत नाही."

"भोवरा ऱ्हाऊ दे. त्या पाच नंबराचं मागलं पाऊल बघ. पुढल्या खुराच्या पुढं पडूलालंय. मोकळं हाय जनावर. आन् तो दोन नंबर? घाम बघ की त्याला. पळायच्या आधीच पळून आलंय ते."

हे पुढे मी पुस्तकांतही वाचलं. मोकळी लांब चाल चांगली, अंगावर चमक चांगली, आणि थंड हवेत मांड्यांमध्ये फेस आला असेल तर घोडा घाबरलाय, ताकद तिथेच सांडतोय. मामांना हे माळेगावच्या धुळीत कळलेलं होतं.

पाच नंबर त्या रेसमध्ये दुसरा आला. मामा नाराज! त्यांना मी रेसबुकातला एक आकडा दाखवला, तो म्हणजे वजन. बहुतेक रेसेस हॅण्डिकॅप असतात. प्रत्येक घोड्याला आधीच्या कामगिरीवरून रेटिंग मिळतं आणि रेटिंगच्या एका गुणामागे साधारण अर्धा किलो वजन पाठीवर चढतं. म्हणजे वीस गुणांनी सरस घोडा दहा किलो जास्त घेऊन पळणार. हॅण्डिकॅपरचं स्वप्न हेच, की सगळे घोडे एका रेषेत यावेत. त्यामुळे 'सगळ्यात चांगला घोडा कुठला?' हा प्रश्नच चुकीचा. आज, या अंतराला, एवढं वजन घेऊन कोण, असं विचारायचं. हलका शिकाऊ जॉकी असेल तर वजनात सूट मिळते, ती बघा. गेल्या दोन-तीन रेसेस बघा. घोडा बाराशे मीटरवाला आहे की लांब पल्ल्याचा, ते बघा. रेस सव्वा मिनिटाच्या आसपास संपते, अभ्यास मात्र रात्रभराचा.

आता खिडकी. टोट म्हणजे क्लबची एकत्र झोळी. 'विन' म्हणजे तुमचा घोडा पहिला आला पाहिजे. 'प्लेस' म्हणजे पहिल्या काहींत आला तरी चालेल, किती ते धावणाऱ्या घोड्यांच्या संख्येवर. 'क्विनेला' म्हणजे पहिले दोन, क्रम कुठलाही. 'फोरकास्ट' म्हणजे तेच दोन, पण क्रमाने. आणि 'तनाला' म्हणजे पहिले तीन, बरोब्बर क्रमाने. हा तनाला फार गोड आवाजात बोलावतो. बारा घोड्यांच्या रेसमध्ये त्याचे १,३२० क्रम होतात, एवढं लक्षात ठेवा आणि पुढे चला. सुरुवातीला विन आणि प्लेस. बस्स.

टोटचा फंडा सिंपल आहे. समजा विनच्या झोळीत १ लाख जमा झाले. समजा त्यातले २० हजार आधीच बाजूला काढले. उरले ८० हजार. तुमच्या घोड्यावर सगळ्यांचे मिळून २० हजार लागले असतील, तर दहाच्या तिकिटाला चाळीस मिळणार. म्हणजे तुमची लढत घोड्यांशी नाही, शेजारी उभ्या असलेल्या काकांशी आहे. काकांना जे माहीत आहे तेच तुम्हाला माहीत असेल, तर घोडा जिंकूनही हातात फार काही पडत नाही.

बुकीचं वेगळं. तो फळ्यावर भाव लिहितो आणि तुम्ही घेतलात तो भाव तुमचा. पाचास एक म्हणजे शंभर लावले तर पाचशे नफा, वर तुमचे शंभर परत. मामांना भाव समजवायची गरजच पडली नाही. फळ्यापुढे पाच मिनिटं उभे राहिले, मग खिशातून पेन काढून तंबाखूच्या पुडीवर आकडे मांडले. घोडे पाच. भाव असे: बरोबरी, दोनास एक, चारास एक, सहास एक, दहास एक. कुणीही जिंकला तरी आपल्याला शंभरच परत यावेत, तर कुणावर किती लावायचे? पहिल्यावर ५०, दुसऱ्यावर ३३, तिसऱ्यावर २०, चौथ्यावर १४, पाचव्यावर ९. बेरीज १२६.

"म्हंजे शंभर घ्यायला सव्वाशे देऊलालेत हे लोक," मामा म्हणाले. "घोडा कोनताबी येवो, ह्याची अडत सुटत न्हाई."

एमबीएच्या दोन वर्षांत मला इतकं स्वच्छ कुणी शिकवलं नव्हतं.

आता तर सरकारची अडतही मोठी आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून रेसच्या बाजीवर ४० टक्के जीएसटी आहे, तोही नफ्यावर नाही, बाजीच्या पूर्ण रकमेवर. जिंकलात तर ३० टक्के प्राप्तिकर, वर सेस. आणि गेल्या रविवारी हरलेले पैसे या रविवारच्या कमाईतून वजा करता येत नाहीत. गंमत बघा, १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टाने मद्रासच्या लक्ष्मणन खटल्यात सांगितलं, की घोड्यांच्या रेसवर पैसे लावणं हा कौशल्याचा खेळ आहे, नुसता नशिबाचा नाही. म्हणूनच क्लबच्या आवारात हे कायदेशीर आहे. पण कर भरायची वेळ आली की तुमचं कौशल्य लॉटरीच्या तिकिटाशेजारी जाऊन बसतं. आणि हो, आवाराबाहेर फोनवर उधारीने बाजी घेणारा जो 'आपला माणूस' असतो, तो बेकायदा आहे. त्याचा नंबर सेव्ह करू नका. उधारीवर खेळताना खिसा रिकामा झालेला कळतच नाही.

आता माझी गोष्ट. त्या पहिल्या दिवशी मी हजार रुपये घेऊन गेलो होतो आणि २,६५० घेऊन परतलो. पाच नंबरच्या क्विनेलाने कमाल केली. माझ्या मते नवख्याच्या बाबतीत याहून वाईट काही घडू शकत नाही. पहिल्या दिवशी हजार गेले असते तर मी बिर्याणी खाऊन विषय संपवला असता.

मग पुण्याचा मोसम सुरू झाला. मी शहाण्यासारखी वही केली. तारीख, लावले, आले. चौदा दिवस गेलो. फेव्हरिट घोडे ढोबळ मानाने तीनातून एकदा जिंकतात, हे वहीत दिसायला लागलं. भाव कमी असल्याने त्यातून पोट भरत नाही, हेही दिसलं. लावले २९,२००, आले २२,९५०. तोटा ६,२५०. चौदा वीकेण्ड मल्टिप्लेक्स आणि पॉपकॉर्नवर एवढे उडालेच असते, असं मी स्वतःला आणि सगळ्यांना सांगायचो.

त्याच काळात मी मामांचे पैसे फेडत होतो. कॉलेजची फी त्यांनी भरली होती. महिन्याला पाच हजार, ठरलेले. एका महिन्यात ते गेले नाहीत. 'पगार उशिरा झालाय मामा,' मी फोनवर म्हणालो. 'बरं बरं,' ते म्हणाले.

दिवाळीला देगलूरला गेलो. फराळ झाल्यावर मामा म्हणाले, "ती घोड्याची वही आणलास का?" मला वाटलं, कौतुक होणार. कौतुकच केलं त्यांनी, अक्षराचं. मग मोंढ्यातली खातेवही बघतात तसं बोट खाली सरकवत गेले आणि एका जागी थांबले.

"ह्या रईवारी तारीख हाय, आकडा न्हाई."

त्या रविवारी पहिल्या तीन रेसेस हरलो होतो. मग बजेट विसरलो. मग गेटबाहेरच्या एटीएमला गेलो. एकदा नाही, तीनदा. शेवटच्या रेसमध्ये सगळे हरलेले लोक करतात तेच मी केलं. वीसास एकचा घोडा शोधला, कारण दोनास एकने आता काही भरून निघणार नव्हतं. पॅडॉककडे बघितलंही नव्हतं. रात्री वही उघडली, तारीख लिहिली आणि पेन ठेवून दिलं.

मामांनी काही विचारलं नाही. खिशातलं पेन काढून पुढे केलं आणि चहा सांगायला आत गेले. मी ९,२०० लिहिले. 'आले' च्या खाली शून्य. मग खालची बेरीज खोडून नवीन केली: तोटा १५,४५०.

चहा घेऊन आले तेव्हा त्यांनी वही उचललीही नाही. बशीत चहा ओतत म्हणाले, "माळेगावला येतोस का औंदा? कोणी पैसे मागत न्हाई तिथं बघायचे."